अनाथ नसलेल्या पोरांचं 'अनाथाश्रम'

सोलापुरात ओळखीत कुणाच्या पोराचा वाढदिवस आला की मला फोन येतोच, मॅडम बालगृहात एक वेळचं जेवण द्यायचंय, अनाथ पोरं आहेत ना तिथं. मी एका संस्थेत अधूनमधून कागदपत्रांचं बघते म्हणून हा फोन. पण अनाथ कुठली? तिथल्या बऱ्याच पोरांना आई आहे, नाहीतर आजी तरी आहेच. नवरा गेलेला, बाई पूर्वभागात विड्या वळते, खोलीचं भाडं, दोन पोरं, मग शेजारचं कुणीतरी सांगतं की अगं संस्थेत ठेव की, जेवण शाळा सगळं होतंय. झालं.

पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ चा, त्या काळी टाकून दिलेल्या बाळांना दुसरा आसराच नव्हता, त्यामुळं त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण विडीवालीच्या पोराचा प्रश्न वेगळा आहे ओ, त्याला आई हवी आणि आईला महिन्याला थोडा आधार हवा. २०१५ चा बाल न्याय कायदाही तेच सांगतो, संस्था हा शेवटचा पर्याय. पैशाची सोय अगदीच नाही असंही नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात (म्हणजे पोर घरीच ठेवून मिळणाऱ्या मदतीत) ४००० (शहरात वर्षाचं उत्पन्न ९६ हजाराच्या आत लागतं, खेड्यात ७२ हजार). पैसे वेळेवर येतात का हे मात्र त्या बायांनाच विचारा 😐

आता पोर घरी पाठवायचं म्हणजे रिक्षात बसवून सोडून यायचं असं नसतं. आधी गृहचौकशी, घरात कोण कोण आहे, कुणी पिऊन मारतंय का, शाळा किती लांब, रात्री पोराजवळ कोण असतं, आणि पोराला स्वतःला जायचंय का हे त्याला एकट्याला घेऊन विचारायचं, आईसमोर नाही. मग सुट्टीत थोडे दिवस पाठवून बघायचं, मग बालकल्याण समितीची (पोर कुठं राहणार हे ठरवणारी जिल्ह्याची सरकारी समिती) ऑर्डर, आणि त्यानंतरही घरी जात राहायचं, कारण खरी गडबड पहिल्या काही महिन्यांत होते, पोराला बेलवर जेवायची सवय आणि इकडं आई संध्याकाळी कारखान्यात विड्या देऊन आल्यावर चूल पेटणार.

सगळ्यांनाच घरी जाता येत नाही हेही खरंय. जिथं मारहाण किंवा त्याहून वाईट काही झालंय तिथं परत पाठवणं हा गुन्हाच. मग मावशी, काका, आणि तेही नसेल तर फॉस्टर, म्हणजे दत्तक न घेता पोराला आपल्या घरी सांभाळणारं दुसरं कुटुंब. २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत एकट्या राहणाऱ्या माणसांनाही फॉस्टर पालक होता येतं आणि दोन वर्षांनी दत्तकासाठी अर्ज करता येतो, आधी पाच वर्षं थांबावं लागायचं. आपल्याकडं हे फारसं कुणाला माहीतच नाही, लोकांना वाटतं एकतर दत्तक नाहीतर आश्रम.

सगळ्यात अडतं कुठं माहितीय, संस्थेतच. अनुदान पोरांच्या डोक्यावर मोजलं जातं, पोरं घरी गेली की पैसे कमी, मग स्वयंपाकाच्या मावशी आणि काळजीवाहक ताईंनी काय करायचं? त्यांना नुसता कायदा ऐकवून उपयोग नाही, त्यांची भीती खोटी नाहीये. माझं म्हणणं एवढंच की पोरांचे स्वभाव या ताईंना जेवढे माहितीयेत तेवढे कुणाला नाहीत, घरभेटींचं काम त्यांनाच पगारावर द्या. आणि इमारतीत संध्याकाळी शिकवणी अन् जेवण ठेवा, पोरं आठला आपापल्या घरी. ट्रस्टींपैकी काहींना हे पटतंय, काही म्हणतात देणगीदारांना दाखवायचं काय मग, पंगत तर दिसायला हवी ना. आता वाढदिवसाचा फोन आला की मी विचारते, जेवणाऐवजी एका घराचं सहा महिन्यांचं भाडं भरता का? बहुतेक जण विचार करून सांगतो म्हणतात. एका टॉवेलवाल्यांनी मात्र लगेच भरलं, फोटोसुद्धा मागितला नाही.