तेवढ्याच पैशात जुनी एस-क्लास की नवी कॅमरी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न ठरलेला असतो: "वीस वर्षं जुनी मर्सिडीज एस-क्लास नव्या टोयोटा कॅमरीपेक्षा स्वस्तात मिळते, मग कॅमरी कशाला घ्यायची?"

घरात एकच गाडी असणार असेल, तर कॅमरी घ्या. पण जुन्या गाडीत काही दम नाही असं कुणी म्हणालं, तर ते मला पटणार नाही. 1991 साली आलेल्या एस-क्लासच्या दारांना दुहेरी काचा होत्या. हायवेवर वेगात असतानाही मागच्या सीटवरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर मोठं असल्यामुळे उंचवट्यावरून जाताना गाडी नाक खाली-वर करत नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम, त्यामुळे जोरात पिकअप घेतला तरी स्टीअरिंग हाताला ओढत नाही. हे सगळं वजनातून आणि जागेतून येतं. स्क्रीन मोठी करून ते मिळत नाही, आणि ज्यांना त्याची ओढ आहे त्यांचं मन मला पूर्ण कळतं.

सुरक्षेचं मात्र वेगळं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं बॉशचं एबीएस 1978 मध्ये एस-क्लासमध्ये आलं. घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी 1995 मध्ये एस-क्लासच्याच कूपेत, म्हणजे दोन दारांच्या गाडीत, आलं. तेव्हा ही श्रीमंतांची चीज होती. नोव्हेंबर 2014 पासून युरोपात प्रत्येक नव्या कारला ईएसपी सक्तीचं झालं. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा रडारही आज साध्या सेडानमध्ये मिळतो. शिवाय अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 2012 मध्ये एक नवी चाचणी आणली: गाडीचा पुढचा फक्त एक चतुर्थांश भाग ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवायचा. त्याआधीच्या गाड्यांचे सांगाडे ही चाचणी समोर ठेवून बनलेलेच नाहीत, मग त्या कितीही जड असोत.

आता खर्च. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पार्ट्सची उतरत नाही. पार्ट महागड्या गाडीचाच लागतो. हवेचं सस्पेन्शन घ्या. स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा असतो, त्यात कॉम्प्रेसर हवा भरतो. रबराला बारीक चिरा पडल्या की हवा हळूहळू निसटते आणि गाडीची उंची राखायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालू होतो. एवढ्या कामासाठी तो बनलेलाच नसतो, त्यामुळे तापतो आणि जळतो. गळका फुगा तसाच ठेवून नुसता कॉम्प्रेसर बदलला, तर नवाही जातो. आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. "गाडी फारशी चाललीच नाही" ही विकणाऱ्याची आवडती ओळ म्हणूनच मला भुलवत नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे बुश, होज, सील, सगळंच वाळलेलं असू शकतं. नियमित चाललेली, सर्व्हिसची बिलं जपलेली गाडी मी कधीही आधी बघेन.

घरात दुसरी, भरवशाची गाडी असेल आणि जुनीचा मोह आवरत नसेल, तर जरूर घ्या. शक्यतो साध्या लोखंडी स्प्रिंगची घ्या. 1989 पासूनच्या लेक्सस एलएस 400 मध्ये तशीही मिळते. हवेच्या सस्पेन्शनचीच हवी असेल, तर विकणाऱ्याला ती रात्रभर सपाट जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी इंजिन सुरू करायच्या आत जाऊन बघा, एखादा कोपरा बसलाय का. मग टायर बघा. बाजूवर टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. चार टायर चार कंपन्यांचे आणि जुनाट असतील, तर दिसत नाही तिथेही मालकाने खर्च टाळलेला असणार. ती गाडी सोडा, दुसरी बघा.