कुंपणावरच्या मधमाश्या

मी लॅटिन शिकवते. रोमन कवी व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीतात एका ओळीपाशी दरवर्षी कुणीतरी अडतंच, पण त्या संध्याकाळी अख्खा वर्ग तिथे थांबला. ‘सैपे लेवी सोम्नुम स्वादेबित इनीरे सुसुर्रो’. म्हणजे कुंपण हलक्या ‘सुसुर्रो’ने पुष्कळदा झोपेत शिरायला सुचवील. यातला स-कार कानाला आधी कळतो, अर्थ मागून येतो. वर्गातल्या वकील मुलीने कोशात ‘सुसुर्रो’ पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, चहाडखोर झोप कशी आणेल?”

शंका रास्त होती. ‘सुसुर्रो’ म्हणजे कान भरणारा माणूस, असं एक नाम आहेच. जेरोमच्या लॅटिन बायबलात, नीतिसूत्रांमध्ये, म्हटलंय की लाकडं संपली की आग विझते, आणि असा माणूस दूर केला की भांडणं शमतात. व्हर्जिलच्या ओळीत मात्र ‘सुसुर्रुस’ या वेगळ्या नामाचं रूप आहे, आपल्या तृतीयेसारखं. हा हलका आवाज कुणाचाही असू शकतो. रोमन कवी होरेसकडे ती रात्री ठरल्या वेळी भेटणाऱ्या प्रेमिकांची कुजबुज आहे. ओव्हिड या दुसऱ्या रोमन कवीकडे अफवेच्या पितळी घरात, ज्याला दारंच नाहीत तिथे, ‘सुसुर्री’ म्हणजे अशा कुजबुजी राहतात. त्यांचा मूळ बोलविता कोण, याचा पत्ता नाही. आणि इथे व्हर्जिलकडे मधमाश्या आहेत, कुंपणाच्या वाळुंजीच्या फुलांवर आलेल्या.

मी फळ्यावर ‘गुणगुण’ लिहिलं. मागच्या बाकावरचे काका, बँकेतून निवृत्त झाल्यावर हौसेने येणारे, म्हणाले, “पण मॅडम, हे बोलतोय कोण?”

बोलतोय कवितेतला मेलिबीउस. इसवी सनपूर्व 42 मध्ये रोमच्या यादवीतली फिलिप्पीची लढाई झाली, आणि जिंकलेल्या सैनिकांना द्यायला इटलीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या. मेलिबीउस शेळ्या हाकत परागंदा होतोय. तितिरुसची जमीन वाचली आहे, त्याला तो हे सांगतोय.

“म्हणजे ज्याचं गेलं, तोच दुसऱ्याच्या कुंपणावरच्या माश्यांचं सांगतोय,” काका म्हणाले. त्यांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. “आमच्या परड्यामागं करवंदीच्या जाळ्या होत्या. फुलल्या की माश्यांचा आवाज दिवसभर. तेव्हा कुणी कान दिला नाही. उठून निघालो त्या वर्षी आई तिथं उभी राहून ऐकत होती.”

वर्गात कुणी बोललं नाही. मग मी क्रियापदाकडे वळले. ‘स्वादेबित’ हा भविष्यकाळ आहे. कुंपण पुढेही झोपेला बोलवत राहील, पण मेलिबीउस तेव्हा तिथे नसेल. या कवितेला निसर्गवर्णन म्हणून उरकणं मला कधीच पटलेलं नाही, आणि त्या दिवशी ते कुणाला समजावण्याची गरज उरली नाही.

वकील मुलगी दोन ओळी मागे गेली. तिथे ‘तिबि’ आहे, म्हणजे ‘तुला’. तिच्या भाषांतरातून ते गळलं होतं. तिने वही पुढे ओढली, आधीचं वाक्य खोडलं आणि नवं वाक्य ‘तुला’पासून सुरू केलं.