हळदीने भरलेली दाढेची जागा

"डॉक्टर, कानापर्यंत कळ जातेय," म्हणत ताई खुर्चीत बसल्या. खालची उजवी अक्कलदाढ तीन दिवसांपूर्वी दुसरीकडे काढलेली. पहिले दोन दिवस बरे गेले, मग ठणका सुरू. दाढ काढल्याचं साधं दुखणं दिवसागणिक उतरतं. दोन-तीन दिवसांनी चढलं की ड्राय सॉकेट, म्हणजे खळग्यातली रक्ताची गुठळी जाऊन हाड उघडं पडणं, आधी डोक्यात येतं.

आरसा आत घातला तर खळगा पिवळाधमक. जाऊबाईंच्या सल्ल्याने दाढ काढली त्याच संध्याकाळी हळद दाबून भरलेली, वर लवंगेच्या तेलाचा बोळा. शेजारी गालाचं अस्तर पांढरं पडून सोललेलं, तो तेलाचा चटका. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉलच असतं. कमी प्रमाणात ते नस बधिर करतं, नुसतं लावलं की पेशी जाळतं.

भूल दिली आणि 20 मिलीच्या सिरिंजने, बोथट सुईतून कोमट सलाइन हळूहळू सोडलं. खळगा खरवडला नाही. उरलीसुरली गुठळी निघते आणि हाडाला नवी इजा होते. हळदीचे लगदे वाहून आले. कापसाचे तंतू मात्र चिमट्याने एकेक ओढावे लागले. तळाशी करडं, उघडं हाड. रक्ताचा मागमूस नाही.

मग झिंक ऑक्साइड-युजेनॉल चोळलेली गॉझची पट्टी सैलसर ठेवली. वास येताच ताई म्हणाल्या, "म्हणजे शेवटी लवंगच की!" लवंगच. पण झिंकमध्ये बांधलेली, आणि दोन दिवसांनी न विसरता काढायची. गॉझ विरघळत नाही, आणि युजेनॉल हाडावर फार दिवस राहिलं तर जखम भरायला उशीर करतं.

हळदीतलं करक्युमिन सूज उतरवतं, यात खोट नाही. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि डब्यातली पूड निर्जंतुक नसते. पहिल्या 24 तासांत त्या खड्ड्यात रक्ताच्या गुठळीशिवाय काहीच नको: कोरफड नको, काढा नको, खळखळून चूळसुद्धा नको. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तेही तोंडात नुसतं फिरवून सोडायचं.

एवढं सांगून झाल्यावर सहज विचारलं, "मिश्री लावता?"

"सोडलीय."

"कधी?"

"दुखायला लागल्यापासून... म्हणजे आज सकाळी लावली थोडी."

डबी पर्समध्येच होती.