सायमन प्राइस: बॅरीचा पोरगा

संगीत समीक्षक सायमन प्राइस मूळचा वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बॅरीचा, जन्म 1967. लाल रंगवलेल्या, शिंगांसारख्या केसांमुळे गर्दीतही ओळखू यायचा. 'मेलडी मेकर' या 1926 पासूनच्या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात त्याने नव्वदच्या दशकात नाव कमावलं. 1995 मध्ये सहलेखक टेलर पार्क्ससोबत त्याने 'रोमो' ही पॉप संगीताची लाट उचलून धरली: मेकअप, सिंथेसायझर, भडक कपडे. ब्रिटपॉपच्या, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश गिटार-पॉपच्या, ऐन भरात ही चळवळ टिकली नाही. माझ्या मते फसण्याचं कारण साधं: आधी मथळा आला, श्रोते मागून यायचे होते, ते आलेच नाहीत.

मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स या वेल्श रॉक बँडवरचं त्याचं पुस्तक 1999 चं. बँडचा गिटारवादक रिची एडवर्ड्स 1995 च्या फेब्रुवारीत बेपत्ता झाला होता, त्यामुळे ते लिहिणं म्हणजे तारेवरची कसरत. 2023 मध्ये 'द क्युअर' बँडवर आलेलं पुस्तक मात्र ए ते झेड नोंदींचं. कालक्रमाची सक्ती नाही, कुठूनही उघडा.

2000 च्या शेवटी 'मेलडी मेकर' बंद पडलं. पुढे तो 'इंडिपेन्डन्ट ऑन संडे'त समीक्षक झाला; 2013 मध्ये त्या पेपरने सगळ्याच कलासमीक्षकांना नारळ दिला.

'मेलडी मेकर'मधलाच दुसरा धारदार लेखक कॉव्हेन्ट्रीचा नील कुलकर्णी. कृष्णवर्णीय संगीताकडे होणाऱ्या दुर्लक्षावर त्याने संपादकांना झणझणीत पत्र धाडलं, आणि त्यांनी त्यालाच लिहायला बोलावलं! मराठी गाण्यांवरही त्याने आत्मीयतेने लिहिलं. जानेवारी 2024 मध्ये, 51 व्या वर्षी, तो गेला.