ऑइलर्सची साडेसाती
९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र मी विसरणार नाही. आमची आइस हॉकीची टीम एडमंटन ऑइलर्स. तिची सॅन होजेतली मॅच इथे एडमंटनमध्ये टीव्हीवर साडेआठला सुरू होते, म्हणजे संपेपर्यंत अकरा वाजून जातात आणि मला सकाळी सहाची शिफ्ट. तरी बसलो. सॅन होजे शार्क्स त्या वेळी लीगमधली, म्हणजे एनएचएलमधली, सगळ्यात गरीब गाय. त्याच आठवड्याच्या आसपास त्यांनी एका मॅचमध्ये १०-१ आणि पुढच्याच मॅचमध्ये १०-२ असा मार खाल्ला होता. म्हटलं, आज तरी आपले ऑइलर्स सुटतील. ३-२ ने हरले! बायको आतून म्हणाली, "ओरडू नकोस, सोसायटी नाहीये ही." बारा मॅचमध्ये फक्त दोन विजय.

आधीच्या सीझनमध्ये याच टीमच्या मॅकडेव्हिडने, आमच्या हुकमी खेळाडूने, १५३ पॉइंट्स (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले होते आणि पॉवर प्ले, म्हणजे समोरचा गडी शिक्षा होऊन बाहेर असतानाच्या संधींवर गोल करण्याचं प्रमाण, ३२.४ टक्के होतं, लीगच्या इतिहासातला सर्वोत्तम. उन्हाळ्यात खेळाडूही फारसे बदलले नव्हते. मग सहा महिन्यांत झालं काय?

मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटचं काम करतो. कंट्रोल रूममधून फोन येतो, "प्रेशर पडलंय." नवीन पोरगा असला की तो पाना घेऊन थेट पंपाकडे पळतो. आम्ही जुने लोक आधी गेज बघतो. प्रेशर खरंच पडलंय, की ट्रान्समीटर थापा मारतोय? कितीदा तरी पंप ठणठणीत असतो आणि गेजकडे जाणाऱ्या बारीक नळीत, इंपल्स लाइनमध्ये, पाणी गोठलेलं असतं. हॉकीत स्कोअरबोर्ड हा असाच एक गेज. पण अख्खं शहर पाना घेऊन कोचकडे पळत होतं.

आता पंपात काहीच बिघाड नव्हता असंही नाही. कोच जे वुडक्रॉफ्टने त्या सीझनआधी डिफेन्सची पद्धत बदलली होती. आधी माणसाला माणूस, आता झोन. पंगतीत वाढायला उभं राहिलेल्यांना हे लगेच कळेल. प्रत्येकाने आपापली रांग सांभाळायची ठरली, की दोन रांगांच्या मधे बसलेल्या पाहुण्याला वरण मिळत नाही. डावीकडच्याला वाटतं उजवीकडचा वाढेल, आणि उजवीकडच्याला वाटतं डावीकडचा. गोलसमोर नेमकं हेच चाललं होतं. समोरच्या टीमचा एक गडी निवांत उभा, आपले दोघे एकमेकांकडे बघतायत, तेवढ्यात पक (हॉकीची चकती) आत. व्हँकूवरकडून पहिल्याच मॅचला ८-१ खाल्ले तेव्हा हे चार-पाचदा तरी दिसलं. त्यात मॅकडेव्हिडला २१ ऑक्टोबरला दुखापत झाली. दोनच मॅच बाहेर बसला, पण परत आल्यावरही तो नेहमीसारखा सुसाट सुटताना दिसेना.

पण खरी गोम गोलीत, म्हणजे गोलकीपरमध्ये होती. जॅक कॅम्पबेलने पाच मॅचमध्ये ८७.३ टक्के शॉट अडवले. ऐकायला बरं वाटतं ना? शाळेत एवढे पडले असते तर आईने पेढे वाटले असते. हिशेब करा. मॅचला ३० शॉट धरले तर जवळजवळ चार गोल आत. बरा गोली नव्वद-साडेनव्वद टक्के अडवतो, म्हणजे तीन किंवा त्याहून कमी. दर मॅचला एक गोल पदरचा द्यायचा आणि मग जिंकायचं! दुसरा गोली स्टुअर्ट स्किनर, तोही तेव्हा चाचपडत होता. दुसरीकडे गोलच्या चांगल्या संधी मोजल्या तर आपले समोरच्यांपेक्षा जास्तच मिळवत होते, फक्त पक आत जाईना. दोन्ही बाजूंनी नशीब एकदम रुसलं की टीम आहे त्यापेक्षा खूपच वाईट दिसते. आईला नाशिकला व्हिडिओ कॉलवर हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे साडेसातीच की." बारा मॅचची साडेसाती, ८२ मॅचच्या सीझनमध्ये. बरं.

शिफ्टमधल्या माझ्या जोडीदाराशी कॉफीची पैज लागली. तो म्हणे कोच जाणार, मी म्हणे थांबतील, आकडे बघतील. ११ तारखेला सिअ‍ॅटलला ४-१ ने जिंकले आणि दुसऱ्या दिवशी वुडक्रॉफ्टला नारळ. जिंकल्यावर! कॉफी मी पाजली, डबल-डबल, म्हणजे दोन क्रीम, दोन साखर.

नवा कोच क्रिस नॉब्लॉक, ज्युनिअरमध्ये मॅकडेव्हिडचा कोच होता तो. डिफेन्स बघायला पॉल कॉफी. डिसेंबर-जानेवारीत सलग १६ मॅच जिंकल्या, रेकॉर्डला एकच कमी. जूनमध्ये लीगच्या सर्वोच्च चषकाच्या, स्टॅन्ली कपच्या फायनलमध्ये ०-३ वरून ३-३ केलं आणि सातवी मॅच फ्लोरिडाकडून २-१ ने हरले. जोडीदार म्हणतो, बघ, कोचच बदलायला हवा होता. मी म्हणतो, स्किनर शॉट अडवायला लागला. पंगतीतला घोळ पॉल कॉफीने निस्तरला, ते मी कबूल करतो. पण नोव्हेंबरात स्किनर जसा खेळत होता तसाच खेळत राहिला असता, तर कोणी का कोच असेना, सोळा सोडा, सहाही सलग जिंकले नसते. आमचं हे भांडण अजून चालू आहे.

कॅम्पबेलला पाच वर्षांचा, २५ मिलियन डॉलरचा करार दिला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात बायआउट करून, म्हणजे पैसे मोजून करार मोडून, मोकळा केला. मोकळा तो झाला, टीम नाही. त्याचे पैसे सहा वर्षांत विभागून सॅलरी कॅपमधून (टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेतून) कापले जाणार, २०३० पर्यंत. माझ्या घराचा हप्ता त्याच्या एक वर्ष आधी फिटतोय.