व्हर्च्युअल मशीन गेलं, लायसन्स अडकलं: माझा अनुभव

स्टोरेजमध्ये बिघाड झाला आणि आमचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, गेलं. डिझाइन सॉफ्टवेअरचं लायसन्स सगळ्यांच्या संगणकांना वाटणारा लायसन्स सर्व्हर त्याच्यावरच चालायचा. लायसन्सची फाइल बॅकअपमध्ये होती, म्हणून दुसरं मशीन उभं करून ती तिथे ठेवली आणि सेवा सुरू केली. लॉगमध्ये उणे ९ क्रमांकाची एरर आली. या होस्टसाठी हे लायसन्स नाही, असा तिचा अर्थ.

फ्लेक्सनेट (लायसन्स सांभाळणारी एक प्रणाली) पद्धतीच्या लायसन्स फाइलमध्ये सुरुवातीच्याच ओळीत सर्व्हरचं नाव, होस्ट आयडी (मशीनची ओळख) आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) लिहिलेले असतात. नाव आणि पोर्ट आपण बदलू शकतो. होस्ट आयडी डिजिटल सहीत गुंफलेला असतो; त्यातलं एक अक्षर बदललं तरी फाइल बाद. आमचा होस्ट आयडी म्हणजे जुन्या मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा पत्ता), आणि नव्या मशीनला हायपरव्हायझरने, म्हणजे व्हर्च्युअल मशिन्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वेगळा दिला होता.

विक्रेत्याच्या पोर्टलवर लायसन्स हलवायची सोय आहे. पण आधी जुन्या मशीनवर लायसन्स सोडायचं आणि तिथे मिळालेला कोड पोर्टलवर भरायचा. जे मशीन सुरूच होत नाही त्याच्यावरून कोड कुठून आणणार? सपोर्टकडूनही पहिल्यांदा तोच कोड मागणारं उत्तर आलं. डिस्क मरणं ही काही दुर्मीळ घटना नव्हे, तिच्यासाठी पोर्टलवर वेगळी वाट असायलाच हवी.

मधल्या काळात जुना मॅक ॲड्रेस नव्या मशीनला हाताने द्यावा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. काम अडलेलं असताना असा मोह पडतोच. मी नको म्हटलं. आमच्या करारात त्याला परवानगी नव्हती, आणि उद्या कोणी जुनं मशीन दुरुस्त करून सुरू केलं असतं तर एकाच नेटवर्कवर एका पत्त्याची दोन मशिन्स झाली असती.

खरा उपयोग झाला तो व्हीएमएक्स फाइलचा. आमच्या व्हीएमवेअर हायपरव्हायझरमध्ये प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची सेटिंग्ज लिहिलेली ही छोटी मजकूर फाइल असते. आमच्या डिस्कची फाइल खराब झाली होती, पण ही शाबूत होती, आणि तिच्यात मॅक ॲड्रेस आणि बायोसचा यूयूआयडी (मशीनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) दोन्ही लिहिलेले होते. म्हणून सांगतो, बंद पडलेलं मशीन घाईघाईने ‘डिलीट फ्रॉम डिस्क’ करू नका. त्यात ही फाइलही जाते आणि जुनी ओळख सिद्ध करायला हाताशी काही उरत नाही.

व्हीएमएक्समधल्या त्या ओळी, स्टोरेजचा एरर लॉग, जुनी लायसन्स फाइल, खरेदीचा ऑर्डर क्रमांक आणि मेंटेनन्स करार चालू असल्याचा पुरावा, असं सगळं एकाच तिकिटात जोडलं. मग प्रकरण कोड मागणाऱ्या माणसाकडून लायसन्स विभागाकडे गेलं. त्यांनी जुनं मशीन पुन्हा वापरणार नाही असं अधिकृत सहीचं पत्र मागितलं आणि तोवर काम चालावं म्हणून मुदतीचं तात्पुरतं लायसन्स दिलं. हे तात्पुरतं लायसन्स बरेच विक्रेते देतात, पण मागितल्याशिवाय नाही. पहिल्याच मेलमध्ये मागा.

नवी फाइल आल्यावर सेवा सुरू झाली, तरी काही संगणकांवर उणे १५ येत राहिली, म्हणजे सर्व्हरशी जोडणीच होत नव्हती. मुख्य पोर्ट २७००० फायरवॉलमध्ये उघडा होता. पण विक्रेत्याचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) वेगळ्या पोर्टवर चालतो आणि ठरवून दिला नाही तर दर वेळी कुठलाही पोर्ट घेतो. फाइलमधल्या ‘व्हेंडर’ ओळीत त्याचा पोर्ट पक्का केला, फायरवॉलमध्ये तोही उघडला आणि सगळ्यांना लायसन्स मिळू लागलं. मशीनचं नाव जुनंच ठेवल्यामुळे कुणाच्याही संगणकावर काही बदलावं लागलं नाही.

आता प्रत्येक लायसन्स सर्व्हरचा होस्ट आयडी, ऑर्डर क्रमांक आणि व्हीएमएक्सची प्रत आम्ही वेगळ्या स्टोरेजवर ठेवतो.