‘ईआर’ : प्रेक्षकांनी वाचवलेले पेशंट

‘ईआर’ या अमेरिकन वैद्यकीय मालिकेच्या पहिल्याच भागात नर्स कॅरल हॅथवेला ती स्वतः काम करते त्या इमर्जन्सीत आणतात. तिनं औषधांचा जास्त डोस घेतलेला असतो. मूळ पटकथेत ती मरणार होती. चाचणीसाठी बसवलेल्या प्रेक्षकांना ही भूमिका करणारी ज्युलियाना मार्ग्युलीस फार आवडली, म्हणून हॅथवे जगली, मालिकेत कायम झाली आणि १९९५ साली मार्ग्युलीसला याच भूमिकेसाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. वैद्यकीय मालिकेचं स्वागत मोजताना मी या घटनेपासून सुरुवात करते, कारण इथे प्रेक्षकांची पसंती थेट पेशंटच्या नाडीला हात घालते.

‘ईआर’चे निर्माते, लेखक मायकेल क्रायटन स्वतः वैद्यकीय पदवीधर. त्यांनी ही पटकथा १९७४ मध्ये सिनेमासाठी लिहिली होती. एनबीसी या वाहिनीवर ती १९ सप्टेंबर १९९४ ला मालिका म्हणून आली. त्याच आठवड्यात सीबीएस या दुसऱ्या वाहिनीची वैद्यकीय मालिका ‘शिकागो होप’ सुरू झाली आणि दोघी गुरुवारी रात्री दहाला समोरासमोर उभ्या राहिल्या. ‘ईआर’नं ती लढत जिंकली. पहिल्या हंगामाला २३ एमी नामांकनं आणि ८ पुरस्कार मिळाले, पुढे १५ हंगाम आणि ३३१ भाग झाले. लोकांना भावली ती गती. स्टेडिकॅम, म्हणजे अंगावर बांधलेला न हलणारा कॅमेरा, स्ट्रेचरसोबत धावतो, डॉक्टर तपासण्यांची नावं ओरडतात आणि अर्थ कुणी समजावून सांगत नाही. शब्द कळले नाहीत तरी घाई कळते, आणि तेच खरं वाटायला पुरेसं ठरलं.

पण खरं वाटणं आणि खरं असणं यातलं अंतर १९९६ मध्ये आकड्यांत मांडलं गेलं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका अभ्यासात ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’चे एकूण ९७ भाग तपासले. सीपीआरचे, म्हणजे बंद पडलेलं हृदय छातीवर दाब देऊन चालू करण्याचे, ६० प्रसंग सापडले, त्यातले ३१ एकट्या ‘ईआर’मधले. ७५ टक्के पेशंट त्या क्षणी वाचले आणि ६७ टक्के घरी जातील असं दिसत होतं. प्रत्यक्षात आजही अमेरिकेत रुग्णालयात हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण चौघांत एक जण घरी जातो, रुग्णालयाबाहेर दहांत एक. शिवाय पडद्यावरचे बहुतेक पेशंट मुलं किंवा तरुण होते. खरे बहुधा वयस्क आणि आधीच आजारी असतात.

तंत्रातल्या चुका डोळ्यांना लगेच दिसतात. छातीवरचा दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा हवा. जिवंत नटावर तो देता येत नाही, बरगडी मोडेल. म्हणून कोपर वाकतात, खांदे हातांच्या वर येत नाहीत आणि छाती जेमतेम हलते. दुसरी चूक जास्त हट्टी आहे : मॉनिटरवर रेष सपाट झाली की शॉक. शॉक उपयोगी पडतो तो कंपन पावणाऱ्या हृदयाला, विस्कटलेली विद्युतलय थांबवून ती नव्यानं सुरू व्हावी म्हणून. सपाट रेषेत थांबवायला काहीच नसतं. तिथे दाब चालू ठेवायचे आणि दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन द्यायचं. पण सपाट रेष कुणालाही कळते, म्हणून लेखक तिला सोडत नाहीत. मला यात नुसती तांत्रिक सूट दिसत नाही. वडिलांना व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, हे ठरवणाऱ्या मुलांच्या डोक्यात तो ६७ टक्क्यांचा पडदा असतो.

याला पहिल्याच हंगामात एक मोठा अपवाद झाला : ‘लव्ह्ज लेबर लॉस्ट’ हा भाग, मार्च १९९५. मालिकेतला डॉ. ग्रीन एका गरोदर बाईला मूत्रमार्गाच्या संसर्गाचं निदान करून घरी पाठवतो. ती झटके येऊन परत येते, म्हणजे एक्लॅम्प्सिया, गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाशी जोडलेला धोकादायक आजार. मग प्रसूतीत बाळाचा खांदा अडकतो, तिथेच सिझेरियन करावं लागतं आणि रक्तस्राव आवरत नाही. बाळ वाचतं, आई जाते. लेखक लान्स जेंटील स्वतः इमर्जन्सी डॉक्टर. त्यांना लेखनाचं आणि मिमी लेडर यांना दिग्दर्शनाचं एमी मिळालं. पेशंट मेला तरी प्रेक्षक टिकतो, हे या एका तासानं दाखवून दिलं.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘द पिट’ या इमर्जन्सीवरच्याच मालिकेनं तिथूनच धागा उचलला. पिट्सबर्गमधल्या एका शिफ्टचे १५ तास, प्रत्येक भाग एक तासाचा, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ‘ईआर’साठी पाच नामांकनांनंतरही हात रिकामा राहिलेला नट नोआ वायली इथे एमी जिंकला; मालिकाही सर्वोत्कृष्ट ठरली. डॉक्टरांनी कौतुक केलं ते प्रामुख्यानं अचूकतेचं. माझ्या मते तिचा खरा गुण वेळ हा आहे. एका शिफ्टमध्ये इतक्या दुर्मीळ केसेस येत नाहीत, ही तक्रार रास्तच. पण मिस्टर स्पेन्सर या पेशंटचा धागा बघा. श्वासासाठी घशात नळी घालू नका, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं. मुलगा-मुलगी ऐकत नाहीत, नळी घातली जाते. मग काही तास, म्हणजे आपल्यासाठी काही भाग, ती दोघं त्या निर्णयाशेजारी बसून राहतात, आणि शेवटी स्वतःच नळी काढायला सांगतात.